बालकांचे भाजणे आणि गावाचा नकाशा

मूल भाजले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘नशिबात होतं’. आणि दुसरे, ‘आईचं ध्यान कुठं होतं?’ पहिले वाक्य बहुधा वडीलधारी माणसे बोलतात, दुसरे शेजारपाजारच्या बाया बोलतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो. पुढची चौकशी थांबते. मूल कोठे भाजले, किती वाजता भाजले, पातेले जमिनीवर होते की ओट्यावर, पाणी कशासाठी तापविले होते, घरात त्या वेळी मोठे माणूस कोण होते, हे कोणी विचारीत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच आळीत, तशाच घरात, तेवढ्याच वयाचे दुसरे मूल भाजते. कारणावाचून काही घडत नाही असे ज्या विहारात आपण मुलांना शिकवतो, त्या विहाराभोवतीच्या वस्तीने तरी नशिबाच्या उत्तरावर समाधान मानू नये, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे झाले आहे. परंतु नोंद ठेवणे, ती तपासणे आणि नोंदीतून काय निघते ते पाहणे हा रोजचाच उद्योग असल्यामुळे या प्रश्नाकडे नोंदवहीच्या बाजूने पाहावेसे वाटले. आपल्या संस्थेचे सभासद आणि विशेषतः दहावी-बारावीचे व महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम सहज करू शकतील, असे माझे मत आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजून मरण पावतात आणि त्यांपैकी बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. एकट्या भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. मुलांपुरते बोलायचे तर गरीब देशांतील मुलांचे भाजून मरण्याचे प्रमाण श्रीमंत देशांतील मुलांच्या सात पट आहे. श्रीमंत देशांतील मुले जन्मतः शहाणी असतात किंवा तिथल्या आया अधिक दक्ष असतात, असे नव्हे. तिथे विस्तव जमिनीवर नसतो, एवढाच मोठा फरक आहे.

वर्तमानपत्रात मोठी आग येते. हरियाणातील दबवाली येथे डिसेंबर १९९५ मध्ये शाळेच्या समारंभाचा मंडप जळाला, तामिळनाडूतील कुंभकोणम येथे जुलै २००४ मध्ये शाळेला आग लागून ९४ मुले गेली, आणि आपल्या महाराष्ट्रात भंडारा येथे ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. या घटना देशभर कळल्या, चौकशी समित्या बसल्या. परंतु चहाचे पातेले अंगावर ओढून घेणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाची बातमी होत नाही. अशी मुले एकेकटी भाजतात, म्हणून ती मोजली जात नाहीत. आणि मोजली जात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही केले जात नाही.

नकाशाची जुनी गोष्ट

रोगराईचा नकाशा काढण्याची गोष्ट विद्यार्थ्यांनी वाचली असेल. सन १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी प्रत्येक मृत्यूची खूण घराच्या जागी केली. खुणांचा पुंजका ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती दिसला. त्या काळी पटकी घाणेरड्या हवेने होते असे बहुतेक डॉक्टर मानीत. स्नो यांचा संशय पाण्यावर होता. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पुस्तकांत दांडा काढताच साथ थांबली असे लिहिलेले असते.

मला या गोष्टीतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. पंपाजवळच असूनही ज्या ठिकाणी माणसे मेली नाहीत, त्या ठिकाणांचा स्नो यांनी शोध घेतला. शेजारच्या दारूच्या भट्टीतील कामगार बिअर पीत, पंपाचे पाणी पीत नसत. जवळच्या गरिबांच्या आश्रमाची स्वतःची विहीर होती. म्हणजे नकाशावर जिथे ठिपका नाही ती जागाही बोलते. आपल्या गावातही एखाद्या आळीत पन्नास घरे असून मुले भाजत नसतील, तर तिथे काय वेगळे आहे ते जाऊन पाहिले पाहिजे. कदाचित तिथे ओटे असतील. कदाचित तिथल्या आजीबाई दिवसभर घरी असतील. कदाचित ते लोक सांगत नसतील!

ठिपका कोठे द्यावा?

आता इस्लापूरकडे येऊ. आपले गाव किनवट तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. एका अंगाला पैनगंगा आणि सहस्रकुंडाचा धबधबा, पलीकडे यवतमाळ जिल्हा; दुसऱ्या अंगाला तेलंगणाची हद्द. इथले मूल भाजले तर ते कोठे जाते? थोडे भाजलेले गावातच, खाजगी डॉक्टरकडे किंवा झाडपाल्यावाल्याकडे. त्याहून जास्त असेल तर आरोग्य केंद्रात, तिथून गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. फारच असेल तर हिमायतनगर, भोकर ओलांडून नांदेडला, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. किंवा कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर आदिलाबादला. म्हणजे एका गावच्या मुलांची नावे चार-पाच नोंदवह्यांत विखुरतात, आणि त्यातली एक तर दुसऱ्या राज्यातली.

अशा वेळी रुग्णालयाच्या आकड्यांवरून नकाशा काढला तर काय दिसेल? नांदेड शहरात ठिपक्यांची गर्दी दिसेल आणि इस्लापूर कोरे दिसेल. कोणी म्हणेल, इस्लापुरात मुले भाजतच नाहीत. म्हणून पहिला नियम असा की ठिपका रुग्णालयाच्या जागी द्यावयाचा नाही. पातेले जिथे कलंडले तिथे द्यावयाचा.

पत्त्याचीही अडचण आहे. कागदावर ‘रा. इस्लापूर, ता. किनवट’ एवढेच लिहिलेले असते. मूल प्रत्यक्षात एखाद्या तांड्यावरचे, गोंडांच्या गुड्यावरचे किंवा कोलामांच्या पोडावरचे असते. ज्या वस्तीला स्वतःचे नाव कागदावर मिळत नाही, तिच्या वाट्याचा ठिपका मोठ्या गावाच्या खाती जमा होतो. शिवाय आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे. पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत, तीन दगडांच्या चुलीजवळ त्यांची मुले वाढतात. तिथे भाजलेले मूल कारखान्याच्या जिल्ह्यात परके आणि आपल्या जिल्ह्यात गैरहजर. त्याचा ठिपका दोन्हीकडे पडत नाही. माझ्या मते अशा मुलांसाठी गावाच्या नकाशाच्या कडेला एक वेगळी चौकट आखून त्यात ‘बाहेरगावी’ म्हणून खूण करावी. परंतु सोडून देऊ नये.

दुसरा नियम आकड्यांचा आहे आणि तो बँकेत रोज उपयोगी पडतो. एका शाखेत ४० कर्जे थकली आणि दुसऱ्या शाखेत १०, तर पहिली शाखा वाईट असे लगेच ठरत नाही. पहिलीने २,००० कर्जे दिली असतील आणि दुसरीने १००. तेव्हा पहिलीची थकबाकी शेकडा २ आणि दुसरीची शेकडा १० झाली. तसेच एका आळीत ६ ठिपके आणि दुसऱ्या आळीत २ ठिपके पाहून घाई करू नये. त्या आळीत पाच वर्षांखालील मुले किती, हे आधी पाहावे. ही यादी अंगणवाडी सेविकेकडे आणि आशा कार्यकर्तीकडे असते. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय हे काम होणार नाही, व्हावयासही नको. आणखी असे की लहान गावात एका वर्षात दोन-तीनच घटना घडतील. त्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यास्तव मागील पाच वर्षांचे विचारावे. लोकांना तारखा आठवत नाहीत, परंतु अंगावरचा वण विसरत नाही. ‘हा वण कशाचा?’ एवढा प्रश्न पुरतो. गावाची जुनी नोंदवही मुलांच्या हातापायांवरच लिहिलेली आहे.

घराचा नकाशा

गावाचा नकाशा कोणती वस्ती ते सांगतो. परंतु मूल गावात भाजत नाही, घरात भाजते. म्हणून प्रत्येक ठिपक्यामागे एका घराचा छोटा नकाशा असावयास हवा. चूल कोठे, न्हाणी कोठे, उंबरा कोठे, अंथरूण कोठे पडते, पाणी कोठे तापते आणि ते कोणत्या वाटेने न्हाणीत जाते. चौरस कागदावर पाच मिनिटांत होणारे काम आहे.

असे दहा-बारा घरांचे नकाशे शेजारी ठेवले की जे दिसेल, ते बहुतेकांना आधीच ठाऊक असते. फक्त कोणी एकत्र पाहिलेले नसते. आपल्या बहुसंख्य घरांत एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच अभ्यास. पाणी दाराबाहेर तीन दगडांवर, पऱ्हाट्या किंवा तुराट्या जाळून तापवितात, कारण गॅस महाग आणि पऱ्हाट्या फुकट. सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस पुष्कळ घरी आला, तरी आंघोळीच्या पाण्याला चूलच राहिली आहे. ते उकळते पाणी उचलून, दारातून, रांगत्या पोराला चुकवीत, न्हाणीपर्यंत न्यायचे, बादलीत ओतायचे, आणि मग थंड पाणी आणायला माठाकडे वळायचे. हा जो थंड पाणी आणण्यापुरता अर्धा मिनिट आहे, तो नकाशात पुन्हा पुन्हा सापडेल अशी माझी खात्री आहे. मूल बादलीच्या काठाला धरून उभे राहते आणि आत वाकते किंवा बादली अंगावर घेते.

पाण्याच्या उष्णतेविषयी माणसांचा अंदाज फार चुकतो. उकळते पाणीच भाजते असे नाही. मोठ्या माणसाची कातडी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटांत भाजते. ६० अंशाला सुमारे ५ सेकंद पुरतात. ७० अंशाला एका सेकंदाच्या आत भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळे त्याला याहूनही कमी वेळ लागतो. कपात ओतलेला चहा दहा-पंधरा मिनिटे मुलाला पोळण्याइतका गरम राहू शकतो. पुन्हा मुलाचे शरीर लहान, म्हणून तेवढाच चहा त्याच्या अंगाचा मोठा भाग व्यापतो. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या सुमारे १ टक्का भरतो. असे दहा तळहात भरतील इतके मूल भाजले, तर ते सलाइनशिवाय सावरणे कठीण. त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. तान्ह्या मुलाचे डोके व मान मिळून शरीराचा जवळजवळ पाचवा भाग होतो. मोठ्या माणसाचा तोच भाग अकराव्या हिश्श्याएवढा. वरून सांडलेले पातेले मुलाला एवढे का जाचते, ते यावरून कळेल.

बादलीच्या बाबतीत उपाय एका ओळीचा आहे: आधी थंड, मग ऊन. बादलीत पहिल्यांदा थंड पाणी, त्यावर तापलेले. यासाठी कोणत्याही योजनेची, अनुदानाची गरज नाही. परंतु ‘आईने लक्ष द्यावे’ हा उपदेश आणि ‘आधी थंड, मग ऊन’ ही सूचना, यांत मोठा फरक आहे. पहिला उपदेश दिवसाचे चोवीस तास पाळावयाचा असतो आणि जी बाई पहाटे पाचला उठून कापूस वेचायला जाते तिला तो पाळणे शक्य नसते. दुसरी सूचना एकदाच, बादली भरताना पाळावयाची असते.

नकाशाला घड्याळ आणि कॅलेंडर जोडावे. सकाळची आंघोळीची वेळ, संध्याकाळची स्वयंपाकाची वेळ. हिवाळ्यात शेकोटी आणि हुरड्याची आगटी, जिथे वरून राख दिसते आणि खाली निखारा असतो. उन्हाळ्यात धुरे पेटविणे आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे. संक्रांतीच्या सुमारास पतंग आणि विजेच्या तारा. दिवाळीत फटाके, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या घरगुती बंदुकीने कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले, ती बंदूक आपल्याकडेही माकडे हाकलण्याच्या निमित्ताने शेतात पोहोचली आहे. पाण्यात सोडायचा विजेचा रॉड हे नवे कारण. त्याची तार मुलाच्या हाताला लागेल अशी लोंबत असते. चुन्याची पुडी हेही एक कारण नोंदवावे. मूल पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. हे भाजणेच आहे. बिब्बा उतणे हेही त्यातच धरावे.

लग्नसराईचे मात्र स्वतंत्र सांगितले पाहिजे, आणि त्याबरोबर आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांचेही. भोजनदानाची खिचडी, बुद्ध पौर्णिमेची खीर, वरणाची काहील. चरावरून उतरवून ती तशीच जमिनीवर ठेवतात आणि तिच्या भोवती मुले शिवाशिवी खेळत असतात. सन २०२३ मध्ये कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात एका शाळेतील लहान मुलगी मध्यान्ह भोजनाच्या तापलेल्या भांड्यात पडून दगावली. चार बांबू आणि एक दोरी एवढ्यावर हे टळू शकते. आपल्या संस्थेच्या पुढच्या कार्यक्रमात स्वयंपाकाच्या जागेभोवती दोरी बांधलेली असावी, अशी सूचना मी या लेखातूनच करतो. वंदनेच्या वेळी जमिनीवर ठेवलेल्या मेणबत्त्या आणि पुढे बसलेल्या मुलींच्या ओढण्या, याकडेही कार्यकारिणीने पाहावे.

जिथे कारण सापडले

नकाशा काढून, कारण शोधून खरोखर काही होते का, असे कोणी विचारील. दोन उदाहरणे देतो.

पहिले श्रीलंकेचे. डॉ. विजया गोडाकुंबुरा हे शल्यचिकित्सक भाजलेल्या रुग्णांवर उपचार करीत होते. त्यांना दिसले की पुष्कळ रुग्ण गरिबांच्या घरचे आणि बाटलीच्या दिव्याने भाजलेले आहेत. रिकाम्या बाटलीत रॉकेल, झाकणाला भोक, त्यात वात. आपल्याकडची चिमणीच ती. उंच, हलकी बाटली धक्क्याने कलंडते, झाकण निघते आणि पेटते रॉकेल अंगावर सांडते. डॉक्टरांनी लोकांना ‘सावध राहा’ असे सांगण्यावर भागविले नाही. त्यांनी दिवाच बदलला. बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा, म्हणजे आडवा पडला तरी घरंगळत जाणार नाही असा. आणि त्याला पेचाचे धातूचे झाकण. मार्माइट नावाच्या खाद्यपदार्थाच्या बुटक्या बाटलीवरून ही कल्पना सुचली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या या कामातून असे लाखो दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचले आणि १९९८ मध्ये डॉक्टरांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे आता वीज आली, रेशनचे रॉकेल दुर्मिळ झाले, त्यामुळे चिमणीचा धोका घटला आहे. परंतु पद्धत शिकण्यासारखी आहे.

दुसरे अमेरिकेतील सिएटल शहराचे. तिथल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात पाहिले की मुले नळाच्या गरम पाण्याने भाजतात आणि घरोघरच्या बंबांचे तापमान कारखान्यातूनच फार वर ठेवलेले असते. त्यांच्या प्रयत्नाने १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कायदा झाला व नवे बंब ४९ अंश सेल्सिअसवर ठेवूनच विकण्याचे बंधन आले. पुढे तपासले असता नळाच्या पाण्याने भाजण्याचे प्रमाण घटलेले दिसले. एकाही आईला उपदेश करावा लागला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहरात तर भाजून रुग्णालयात आलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या भागांशी जोडून, कोणत्या भागातील घरे कशी आहेत याच्याशी ताळा घालणारा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही भाजण्याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम बाराव्या पंचवार्षिक योजनेपासून वैद्यकीय महाविद्यालयांमार्फत राबविण्यात आला. परंतु तो इमारत, खाटा आणि यंत्रांकडे अधिक झुकला असे मला वाटते. तेही आवश्यक आहे. तथापि विस्तव आणि मूल यांच्यात अंतर कसे पाडावे, हे गावातच ठरवावे लागेल.

जे अपघात नाहीत

नोंदीत काही ठिपके असे येतील की ज्यांना अपघात म्हणता येणार नाही. लहान बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने चटके द्यायचे, ही रीत मेळघाटात ‘डंबा’ या नावाने प्रसिद्ध आहे. २०२५ च्या प्रारंभी चिखलदरा तालुक्यात अवघ्या काही दिवसांच्या बाळाला असे कितीतरी चटके दिल्याची बातमी सर्वत्र छापून आली. ही रीत मेळघाटापुरतीच आहे असे आपण समजू नये. पोट फुगणे हे आजाराचे लक्षण असते, आणि चटक्याने दुखण्यावर दुसरे दुखणे येते. असे घडत असेल तर ते स्वतंत्र रंगाने दाखवावे आणि आशा कार्यकर्तीला सांगावे.

‘स्टोव्हचा भडका झाला’ या वाक्याआड काय काय दडते, हेही आपणा सर्वांना माहीत आहे. आईला जाळताना कडेवरचे मूलही भाजते. गंभीर भाजल्याची नोंद रुग्णालय पोलिसांना कळवते, म्हणून लोक घाबरून वेगळेच कारण सांगतात. विद्यार्थ्यांनी अशा ठिकाणी पोलिसगिरी करू नये. खोदून विचारू नये. मुलाला धोका दिसत असेल तर १०९८ आणि बाईला धोका दिसत असेल तर १८१ हे क्रमांक आहेत, ते ज्येष्ठ सभासदांनी वापरावेत.

भाजल्यावर काय करावे, हे लेखाच्या विषयात थेट बसत नाही; परंतु घरोघर विचारायला गेलेल्या मुलाला लोक हेच विचारणार. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे थंड वाहते पाणी. नळ नसेल तर तांब्याने सावकाश धार धरावी. पहिल्या तीन तासांत केव्हाही केले तरी उपयोग होतो. बर्फ लावू नये. कपडे, करदोटा, मनगटातील वाळे काढावेत. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. फोड फोडू नयेत. मूल फार लहान असेल आणि पुष्कळ भाजले असेल तर बाकीचे अंग कोरड्या कापडाने ऊबदार ठेवावे. मग स्वच्छ धुतलेले कापड सैल गुंडाळून, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, माती यांपैकी काहीही लावू नये; डॉक्टरला जखम दिसत नाही आणि ती पिकते. ‘बटाटा चालतो’ असे सांगणारे भेटतील. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात बटाट्याच्या सालीच्या पट्ट्या वापरल्या, आणि शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरले, ही गोष्ट खरी व गौरवाची आहे. महागड्या पट्ट्या न परवडणाऱ्या देशात ती बुद्धिमत्तेचीच गोष्ट. परंतु त्या साली उकडून, बँडेजवर चिकटवून, रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरल्या जात. घरात कच्चा बटाटा किसून लावणे म्हणजे तो उपचार नव्हे.

काम कसे करावे

एका वस्तीला दोन विद्यार्थी, त्यांपैकी एक मुलगी असावी. चुलीपाशी बसून बोलणे तिलाच जमेल. गावाचा नकाशा ग्रामपंचायतीत असतो, तो न मिळाल्यास विद्यार्थ्यांनी पायी फिरून काढावा. विहीर, शाळा, विहार, मंदिर, टाकी या खुणा आधी मांडाव्यात. प्रत्येक घटनेसाठी एक पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर मुलाचे नाव लिहावयाचे नाही. क्रमांक, वय, मुलगा की मुलगी, महिना, वेळ, कशाने भाजले, ती वस्तू जमिनीवर होती की वर, जवळ कोण होते, अंगावर कपडे कोणते, पहिल्यांदा काय लावले, कोठे नेले, किती वेळाने पोहोचले आणि वण किंवा आखडलेला हात-पाय राहिला का, एवढे लिहावे. मागे घराचा चौकोनी नकाशा. ‘चूक कोणाची’ हा रकाना ठेवू नये.

दोन नकाशे करावेत. पहिला बिनचूक, प्रत्येक घराच्या जागी ठिपका असलेला. तो संस्थेच्या कपाटात कुलपात राहील आणि काम झाल्यावर नष्ट होईल. दुसरा विहाराच्या भिंतीवर लावण्यासाठी. त्यात ठिपके घरावर नसतील, तर प्रत्येक आळीसाठी शेकडा किती एवढाच आकडा व रंग असेल. लहान गावात एक ठिपका म्हणजे एक नावच असते. ज्या घरी मूल भाजले त्या घरची सून त्या भिंतीसमोरून रोज जाणार आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्या आळीत मुले वीसहून कमी असतील ती शेजारच्या आळीत मिळवावी.

रंगासाठी चार खडू पुरतात: पोळणे निळा, जाळ लाल, वीज पिवळा, चुना-बिब्बा-चटके हे सर्व हिरवा. पहिल्या फेरीसाठी दिवाळीची सुट्टी सोयीची आहे, कारण ऊसतोडीला जाणारी कुटुंबे त्या सुमारास गावात असतात आणि त्यानंतर ती निघून जातात.